हात वर होत नाहीत: पालक-शिक्षक संघाला स्वयंसेवक मिळेनासे झाले की काय तपासायचं

गेली नऊ वर्षं मी पालक-शिक्षक संघासाठी स्वयंसेवक गोळा करायचं काम करते आहे. दोन शाळा झाल्या, मुलं मोठी झाली, मुख्याध्यापक बदलले, बिघाड मात्र तोच राहिला. वर्षाच्या सुरुवातीला उत्साह, दुसऱ्या कार्यक्रमापर्यंत ओहोटी आणि शेवटी चार जणांच्या खांद्यावर सगळं ओझं. इतर शाळांतल्या ओळखीच्यांनी बोलावलं म्हणून त्यांच्याकडेही जाऊन पाहिलं. दुखणं बहुतेक वेळा त्याच सात-आठ जागी सापडतं. ते एकदा क्रमाने लिहून ठेवते आहे. सोप्या आणि फुकटातल्या तपासण्या आधी घेतल्या आहेत, त्रासाच्या नंतर. हा क्रम मोडू नका. पहिल्या दोन तपासण्यांतच बऱ्याच शाळांचं काम भागलेलं मी पाहिलं आहे.

"हल्लीच्या पालकांना काही पडलेलीच नाही" हे निदान मी कधीच बाजूला ठेवलं. मुलाच्या प्रकल्पासाठी रात्री अकरा वाजता पुठ्ठा कापत बसणारा माणूस शाळेबद्दल बेफिकीर नसतो. आपलं बोलावणं त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, किंवा तो आल्यावर आपण त्याला नीट सांभाळत नाही. या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

लक्षणं

सगळ्या शाळांत सगळी लक्षणं एकदम दिसत नाहीत. आपल्याकडे कोणतं दिसतं ते आधी ओळखा, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या जागेकडे बोट दाखवतं.

– ग्रुपवर मेसेज टाकला की निळ्या खुणा भराभर येतात, दोन-तीन अंगठे येतात, नाव एकही येत नाही. (तपासणी १ आणि २)
– सभेत "हे कोण करेल?" विचारलं की माना खाली जातात, किंवा सगळे एका ठरावीक व्यक्तीकडे बघतात. (२, ३)
– लोक "सांगा हो कधीही" म्हणतात आणि प्रत्यक्ष दिवशी येत नाहीत. (३, ४)
– एकदा आलेली व्यक्ती पुन्हा दिसत नाही. (५. हे लक्षण सर्वांत गंभीर, आणि सर्वांत उशिरा लक्षात येतं.)
– फक्त आयाच येतात, किंवा फक्त एकाच वर्गाचे, एकाच वस्तीतले, एकच भाषा बोलणारे पालक येतात. (६)
– दरवर्षी तीच पाच नावं, आणि ती पाचही माणसं दमलेली. (७)
– पालक तयार आहेत, पण शिक्षक काम देत नाहीत. (८)

एक पथ्य सगळ्यांनाच: चिडून मेसेज टाकू नका. "दरवेळी आम्हीच राबायचं का?" असं लिहिलं की जे येणार होते तेही बिचकतात. जिथे आधीच भांडण चालू आहे तिथे नवा माणूस पाऊल टाकत नाही.

तपासणी १: तुमचा मेसेज मोठ्याने वाचा

वेळ पाच मिनिटं, खर्च काही नाही. शेवटचं आवाहन उघडा आणि घरातल्या अशा कुणाला वाचून दाखवा, ज्याला या कार्यक्रमाबद्दल काहीच माहीत नाही. मग विचारा, "नेमकं काय करायचंय, किती वेळ, कधी, आणि हो म्हणायचं असेल तर कुणाला कळवायचं?" चारांपैकी एका जरी प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर बिघाड इथेच आहे.

मी स्वतः काही वर्षं असं लिहीत होते:

"नमस्कार पालकहो, पुढील महिन्यात होणाऱ्या क्रीडादिनासाठी स्वयंसेवकांची आवश्यकता आहे. इच्छुकांनी कृपया पुढे यावे. आपला सहभाग बहुमोल आहे."

आता असं लिहिते:

"शनिवारी १४ तारखेला क्रीडादिन आहे. धावण्याच्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर उभं राहून मुलांचे क्रमांक लिहून घ्यायला दोन जण हवेत. वेळ सकाळी ८ ते ९.३०. वही-पेन आम्ही देऊ, कसं लिहायचं ते ७.५० ला दाखवू. जमत असेल तर गुरुवारपर्यंत मला फक्त 'रेषा' एवढं लिहून पाठवा."

फरक का पडतो? "सहभागी व्हा" वाचल्यावर पालकाला कामाचा अंदाज येत नाही, आणि अंदाज आला नाही की माणूस काम मोठंच धरून चालतो. त्याला वाटतं, एकदा नाव दिलं की वर्षभर अडकलो. दीड तास, एक वही, एक रेषा म्हटलं की तो आपलं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणू शकतो. संपण्याची वेळ लिहायला तर अजिबात विसरू नका. सुरू कधी होणार हे सगळेच सांगतात. माणूस हो म्हणतो तो सुटका कधी होणार हे कळल्यावर.

एका मेसेजमध्ये एकच काम. सात कामांची यादी टाकली की वाचणारा आपल्या जोगं काम शोधत बसत नाही, पुढे सरकतो.

तपासणी २: तुम्ही कुणाला विचारलंत?

सगळ्यांना विचारलं असेल, तर कुणालाच विचारलेलं नाही. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं, आणि मध्येच एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचा, आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज ऐकवला. हा आवाज आपण एकटेच ऐकतो आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ३१ टक्केच उठले. ती मुलं काही निर्दय नव्हती. दुसरं कुणीतरी उठेल असं प्रत्येकाला वाटलं. समोर माणूस संकटात असताना असं होतं, तर दोनशे पालकांच्या ग्रुपवर पताका लावायला कोण हवंय या प्रश्नाचं काय होणार?

उपाय साधा आहे. दहा नावं लिहा आणि त्या दहा जणांशी स्वतंत्रपणे बोला. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभं राहणं सगळ्यांत उत्तम. फोन चालेल. अगदीच नाही तर प्रत्येकाला वेगळा मेसेज, त्यात त्याचं नाव आणि त्यालाच का विचारते आहे हे एका वाक्यात. "परवा सभेत तुम्ही खुर्च्या किती भराभर लावल्यात ते पाहिलं. क्रीडादिनाच्या मांडणीला अर्धा तास तुमच्यासारखं कुणी हवंय. याल का?" हे वाक्य खरं असलं पाहिजे. उगाच स्तुती केली तर लोकांना लगेच कळतं.

"नाही" म्हणायची वाट मोकळी ठेवा. "या वेळी जमणार नसेल तर अजिबात हरकत नाही, पुढच्या सत्रात विचारू का?" एवढं म्हटलं की नकार देणाराही आपल्या यादीत राहतो. दडपणाखाली हो म्हणणारा माणूस त्या दिवशी फोन उचलत नाही, आणि नंतर तुम्हाला टाळायला लागतो. एक स्वयंसेवक गेलाच, वर एक ओळखही गेली.

माझ्या अनुभवात असं समोर उभं राहून, एका कामासाठी विचारलं की दहातले निम्म्याहून जास्त हो म्हणतात. ग्रुपवरच्या आवाहनाला मिळालेली नावं मी एका हाताच्या बोटांवर मोजली आहेत.

तपासणी ३: काम मुळात आहे का, आणि ते केवढं आहे?

सगळी कामं कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे झालं नाही तर मुलांचं काय बिघडेल? काही कामांपुढे तुम्हाला काहीच लिहिता येणार नाही. ती कामं काढून टाका. आम्ही एके वर्षी पाहुण्यांच्या स्वागताची समिती, सजावटीची समिती आणि या दोघींवर लक्ष ठेवणारी समिती अशा तीन समित्यांसाठी माणसं शोधत होतो. शेवटच्या दोन बंद केल्या. मुलांना फरकच जाणवला नाही.

उरलेली कामं फोडा. "ग्रंथालय सांभाळणं" या कामाला कुणी मिळत नाही. "मंगळवारी पाऊण तास परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं" याला मिळतं. लहान कामाचा आणखी एक फायदा आहे. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या घरमालकांना अंगणात सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलचा मोठा, बेढब फलक लावू द्याल का असं विचारलं. थेट विचारलं तेव्हा सुमारे १७ टक्के तयार झाले. ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची एक चिमुकली पट्टी लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. पहिलं छोटं काम केलं की माणूस स्वतःला या शाळेचा मदतनीस समजायला लागतो. म्हणून नव्या पालकाला थेट खजिनदार करू नका. आधी पाऊण तास पुस्तकं लावू द्या.

या युक्तीचा गैरवापर मात्र करू नका. पुस्तकं लावायला आलेल्या बाईंना तिसऱ्याच दिवशी वार्षिक कार्यक्रमाची जबाबदारी दिली, तर त्या पुन्हा येणार नाहीत आणि ओळखीच्या आणखी चौघींना सांगतील.

तपासणी ४: वेळ आणि जागा

बैठक नेहमी दुपारी असेल तर नोकरी करणारे पालक आपोआप गळतात. नेहमी संध्याकाळी असेल तर पाळीत काम करणारे आणि तान्ह्या मुलांचे पालक गळतात. सगळ्यांना जमेल अशी वेळ नसतेच, त्यामुळे वेळ आलटून पालटून ठेवा आणि वर्षाच्या तारखा सुरुवातीलाच सांगा. रजा टाकायची तर महिनाभर आधी कळलेलं बरं असतं. बैठकीच्या वेळी धाकट्या भावंडांना सांभाळायची सोय केलीत तर दोन-तीन आया तरी जास्त येतील, हे मी खात्रीने सांगते. ती सोय कशी करायची हे मात्र शाळेला विचारून ठरवा, त्याचं कारण शेवटी सांगितलं आहे.

शाळेत येऊन केलेलं तेवढंच काम, हा समजही सोडा. पालकांच्या सहभागावर आयुष्यभर काम केलेल्या अभ्यासक जॉइस एप्स्टाइन यांनी सहभागाचे सहा प्रकार मांडले. स्वयंसेवा हा त्यातला एक, आणि त्याची त्यांची व्याख्या अशी की शाळेच्या उद्दिष्टांना आणि मुलांच्या शिकण्याला कुठूनही, कधीही हातभार लावणारा तो स्वयंसेवक. आमच्याकडे एक आजोबा नातवाला न्यायला रोज फाटकापाशी उभे असत. यादी "पालकांची" असल्यामुळे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. एकदा बोलता बोलता कळलं की त्यांनी सगळी हयात पुस्तकबांधणीत घालवली आहे. मी ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं दहा-दहाच्या गठ्ठ्याने त्यांच्या हाती दिली. दर पंधरा दिवसांनी ती परत येत: पाठीला नवं कापड, दोऱ्याचे टाके एका ओळीत, आणि आत एका चिठ्ठीवर लिहिलेलं की कोणत्या पुस्तकाची किती पानं मुळातच गहाळ आहेत. बैठकीला ते एकदाही आले नाहीत. त्या वर्षी शाळेला त्यांच्याइतकी मोलाची मदत दुसऱ्या कुणी केली नाही.

तपासणी ५: पहिला दिवस

ही तपासणी लोक टाळतात, कारण इथे दोष उघडउघड आपला असतो. मी सगळ्यात जास्त माणसं इथे गमावली आहेत.

एका कार्यक्रमाच्या सकाळी एक नवी आई अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. मी व्यासपीठावर माईकच्या खटपटीत होते. तिने टेबलावरचं रिबिनीचं रीळ उचललं, दोघींना विचारलं, दोघी "थांबा हं, सांगते" म्हणून पुढे गेल्या. ती रीळ थोडं उलगडायची, पुन्हा गुंडाळायची, इकडेतिकडे बघायची. चाळीस मिनिटांनी तिने ते रीळ टेबलावर ठेवलं, रिबिनीचं सुटलेलं टोक आत खोचलं आणि ती निघून गेली. मी वरून हे सगळं पाहत होते आणि खाली उतरले नाही. पुढच्या वर्षी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "माझी गरज नव्हती हो तिथे." मला आजही ते रीळ आठवतं.

तेव्हापासून आमच्याकडे तीन गोष्टी ठरल्या आहेत आणि कुठल्याही गडबडीत त्या सोडायच्या नाहीत.

एका माणसाचं त्या दिवशीचं काम फक्त येणाऱ्यांना भेटणं. त्याच्याकडे दुसरं काहीही द्यायचं नाही. माईक बंद पडला तरी त्याने जागा सोडायची नाही.

प्रत्येक कामाचं पोस्टकार्डाएवढं कार्ड. त्यावर काम काय, सामान कुठे आहे, अडलं तर कुणाला विचारायचं आणि संपलं की काय, एवढ्या चारच ओळी.

निघताना नाव घेऊन आभार, आणि त्याच संध्याकाळी एका ओळीचा मेसेज, ज्यात त्यांच्या कामाचा उल्लेख असेल. "आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आभार" असा सगळ्यांना एकच मेसेज नको. "तुम्ही लिहिलेल्या क्रमांकांत एकही घोळ झाला नाही, त्यामुळे बक्षिसं वेळेत वाटता आली" असं लिहा. आपल्या कामाचं पुढे काय झालं हे माणसाला कळलं पाहिजे.

आणखी एक: दोन माणसांचं काम असेल तर दोघांनाच बोलवा. जास्त आले तर चांगलंच, असं आपल्याला वाटतं. रिकामं उभं राहावं लागलेल्या माणसाला तसं वाटत नाही.

तपासणी ६: कुणाला विचारायचं राहूनच गेलं?

पटावरची नावं आणि तुमची स्वयंसेवकांची यादी शेजारी शेजारी ठेवा. कोणत्या वर्गातलं एकही नाव नाही? किती वडील आहेत? घरी वेगळी भाषा बोलणारी कुटुंबं किती आहेत, आणि यादीत त्यांच्यापैकी किती?

वडिलांचा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या पालक-शिक्षक संघटनेची सुरुवात १८९७ साली वॉशिंग्टनमध्ये झाली, ती मातांची राष्ट्रीय परिषद म्हणूनच. "पालक" हा शब्द तिच्या नावात नंतर आला. आपल्याही सवयीत ते मुरलेलं आहे. मेसेज आईच्या नंबरवर जातो, फोन आईला जातो, आणि मग वडील येत नाहीत म्हणून आपण तक्रार करतो. वडिलांना वेगळं, त्यांच्या नंबरवर, नेमक्या कामासाठी विचारा. "जड सामान उचलायला या" एवढंच त्यांच्यासाठी राखून ठेवू नका. गोष्ट वाचून दाखवायला बोलवा. आमच्याकडे एक वडील दर महिन्याला पहिलीच्या वर्गात गोष्ट वाचतात आणि त्या दिवशी वर्ग इतका शांत असतो की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून जातात.

दुसरा अडथळा दिसत नाही, तो मनात असतो: "मला काय येतंय?" कॅथलीन हूवर-डेम्प्सी आणि हॉवर्ड सँडलर यांनी पालक सहभागी का होतात याची मांडणी १९९० च्या दशकात केली. त्यात तीन गोष्टी येतात: हे माझं काम आहे असं पालकाला वाटणं, माझ्याने मदत होईल असं वाटणं, आणि शाळेने, शिक्षकांनी, स्वतःच्या मुलाने बोलावणं. ज्याची स्वतःची शाळा अर्धवट सुटली, किंवा जिथे अपमानच वाट्याला आला, तो माणूस फाटकाच्या आत येताना बिचकतो. त्याला ग्रुपवरचं आवाहन पुरत नाही. वर्गशिक्षकांनी विचारलेलं त्याला पोचतं, आणि मुलाने विचारलेलं तर फारच पोचतं. मुलांच्या हातची, त्यांनीच रंगवलेली बोलावणी पाठवून बघा.

भाषेचं म्हणाल तर मेसेज साध्या भाषेत लिहा आणि ज्या भाषा घरोघरी बोलल्या जातात त्यांत द्या. मुलाला दुभाषा करू नका. दोन्ही भाषा येणारा एखादा पालक शोधा. हेही एक कामच आहे, आणि ते घरबसल्या होतं.

तपासणी ७: आपण दार लावून बसलो आहोत का?

आता अवघड भाग आला. तीच पाच माणसं सगळं करतात, याचं एक कारण ती पाच माणसंही असू शकतात. अगदी चांगली, कष्टाळू माणसं. पण बैठकीत त्यांचे आपापसातले संदर्भ चालतात, निर्णय आधीच झालेले असतात, आणि नव्याने काही सुचवलं की "ते आम्ही करून पाहिलंय" असं उत्तर येतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे जागाच नाही.

ओळखायचं कसं? गेल्या वर्षभरात नव्या माणसाने सुचवलेली आणि तशीच अमलात आलेली एक तरी गोष्ट आठवते का बघा. नसेल आठवत तर तपासणी इथेच थांबवा आणि आपापसात बोला. बोलताना एकमेकांना दोष देऊ नका. ज्यांनी वर्षानुवर्षं केलं त्यांच्यामुळेच संघ उभा आहे.

काय करता येतं? प्रत्येक पदाला मुदत घाला. दोन वर्षं पुरे. प्रत्येक जबाबदारीला एक जोडीदार द्या, जो या वर्षी शिकेल आणि पुढच्या वर्षी करेल. आणि एक वही ठेवा: कोणतं काम कधी सुरू केलं, कुणाला फोन केला, सामान किती लागलं, काय चुकलं. कामं डोक्यात साठवलेली असली की ती दुसऱ्याला देता येत नाहीत, आणि देता येत नाहीत म्हणून आपण दमतो. नव्या माणसाने काम आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने केलं, थोडं कमी नेटकं केलं, तरी हात घालू नका. मला हे शिकायला फार वेळ लागला.

तपासणी ८: शाळेला खरंच हवं आहे का?

सगळं करूनही काही होत नसेल तर शिक्षकांशी बोला, तक्रारीच्या सुरात नको. बऱ्याच शिक्षकांना पालक वर्गात आल्याचा वाईट अनुभव असतो: कुणी दुसऱ्याच्या मुलाबद्दल बाहेर बोललं, कुणी शिकवण्यात चुका काढल्या. त्यांची भीती रास्त आहे. त्यांना विचारा, "तुमचा आठवड्यातला कोणता तास कुणी हलका केला तर बरं वाटेल?" कागद कापणं, संच मोजून ठेवणं, वाचनपेटी लावणं अशी उत्तरं येतील. तिथून सुरुवात करा, आणि स्वयंसेवकांना एक नियम पक्का सांगा: वर्गात पाहिलेलं कुठल्याही मुलाबद्दलचं काहीही बाहेर बोलायचं नाही. हा नियम वर्षभर पाळला गेला की शिक्षक आपणहून माणसं मागतात.

मुख्याध्यापकांनाच संघ नको असेल तर हे स्वयंसेवक गोळा करण्याच्या पलीकडचं आहे. शाळेच्या व्यवस्थापनाशी लेखी बोला आणि उत्तर येईपर्यंत पालकांना खोटी आशा लावू नका.

इथे थांबा आणि जाणत्या माणसाला बोलवा

माणसं कमी पडताहेत म्हणून पुढची कामं हौशी हातांत देऊ नका. कार्यक्रम रद्द झाला तरी चालेल.

मुलांची सुरक्षितता सर्वांत वर. स्वयंसेवकाला मुलांबरोबर एकटं सोडायचं नाही, आणि कुणाची कशी पडताळणी करायची हे संघाने ठरवायचं नाही. ते शाळेने, तिथल्या कायद्यानुसार ठरवायचं. धाकट्या भावंडांच्या सोयीलाही हेच लागू, म्हणून वर शाळेला विचारा म्हटलं. एखाद्या मुलाने आपल्याला कुणी दुखावल्याचं, त्रास दिल्याचं तुमच्याजवळ सांगितलं तर फक्त ऐका. खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याचेच शब्द लिहून काढा आणि त्याच दिवशी शाळेत या कामासाठी नेमलेल्या व्यक्तीला सांगा. धोका समोर दिसत असेल तर थेट पोलीस. ग्रुपवर एक अक्षरही नको.

पैशांचा हिशेब जुळत नसेल तर स्वतः तपास करत बसू नका आणि कुणावर संशयही बोलून दाखवू नका. व्यवहार थांबवा, कागद एकत्र करा, लेखापालाकडून तपासून घ्या. मुळात पैसे मोजताना दोन माणसं आणि काढताना दोन सह्या असल्या तर ही वेळ सहसा येत नाही.

विजेची जोडणी, उंच मंडप, सहलीचं वाहन, जखमेवरचे उपचार: यासाठी त्या त्या कामाचा माणूस, पैसे देऊन. "एका पालकाला येतं" हे पुरेसं नाही. एखादं मूल सतत घाबरलेलं, गप्प किंवा उदास दिसत असेल तर समुपदेशक.

पालकांमधलं भांडण धमकीपर्यंत, जातीपातीवरून किंवा शरीरावरून बोलण्यापर्यंत गेलं असेल तर ग्रुप चालवणाऱ्याने मध्ये पडू नये. पुरावा जपून ठेवा आणि मुख्याध्यापकांकडे द्या.

एखाद्या कामाला आठवड्यातून चार दिवस, वर्षभर माणूस लागत असेल तर ती नोकरी आहे. त्यासाठी शाळेकडे पगारी माणूस मागा. मी एकदा दोन वर्षं असं काम स्वयंसेवकांच्या जिवावर रेटलं आणि तीन चांगली माणसं गमावली.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

पुढच्या दोन कार्यक्रमांत एकूण किती आले ते मोजू नका. दोनच गोष्टी वहीत लिहा: पहिल्यांदाच आलेली नावं किती, आणि आधी एकदा आलेल्यांपैकी परत किती आले. पहिली संख्या शून्य असेल तर तपासणी १ आणि २ वर परत जा. पहिली बरी आणि दुसरी शून्य असेल तर मेसेज सुधारत बसू नका, तपासणी ५ वाचा, आणि कार्यक्रमाच्या सकाळी दाराशी कोण उभं राहणार ते आजच ठरवा.